ओंजळभर निखारा

भट्टी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच धुराडे, कारखान्याचा भोंगा आणि लाखोंचे भांडवल उभे राहते. पण वाचकहो, लोखंडाने माणसाची सोबत धरली ती कारखान्यात नव्हे. ती धरली जमिनीतल्या खड्ड्यात, मातीच्या आडोशाला, कातड्याच्या भात्यापाशी. माती फुकट, कोळसा रानातला, वारा तर देवानेच दिलेला. मोठ्या शोधांत इतका गरिबाघरचा शोध क्वचितच सापडेल.

आपल्या विदर्भाचेच पाहा. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे 1970 च्या दशकाच्या अखेरीस उत्खनन झाले आणि लोखंड गाळण्याच्या मातीच्या भट्टीचे अवशेष हाती आले. काळ सुमारे इसवी सनापूर्वी सातव्या शतकाचा. माहुरझरीसारख्या ठिकाणच्या शिळावर्तुळांत त्या लोकांच्या लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्यांचे साजही मिळाले. म्हणजे बुद्धाच्याही आधी आमच्या मातीत कोणी तरी भाता फुंकीत बसला होता! त्याचे नाव कोणत्याच शिलालेखात नाही.

शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेवढी आच त्या लहानशा भट्टीत टिकत नसे. मग लोखंड निघे कसे? कोळसा जळताना जो वायू होतो, तो खनिजातला प्राणवायू ओढून घेई आणि मागे उरे मळीने भरलेला, स्पंजासारखा गोळा. तो लालबुंद असतानाच घणाने ठोकून मळी पिळून काढायची. घणाचा जन्म असा गरजेतून झाला.

पुढे गावगाड्यात हाच माणूस बारा बलुतेदारांपैकी एक झाला. फाळ शेवटावा, विळ्याला धार लावावी, कुऱ्हाडीला पाणी पाजावे आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते मागावे. ज्यांना गाव नव्हते ते घिसाडी गावोगाव फिरत. झाडाखाली हातभर खड्डा खणला की त्यांचा कारखाना उभा! नवरा सांडशीत लोखंड धरी आणि बायको घण घाली. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हा लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती समजूत ओसरली, आणि कारखान्याचे अवजार हळूहळू बांधापर्यंत पोहोचले.

मी शाळामास्तर. मुलांना धातूंचा धडा नुसता फळ्यावर शिकवण्याचा मला कंटाळा आला, म्हणून गेल्या उन्हाळ्यात शाळेमागे एक भट्टी केली. जुने घमेले घेतले. माती, वाळू आणि बारीक चिरलेला पेंढा कालवून त्याला आतून तीन बोटे जाड लेप दिला आणि तो आठवडाभर सावलीत वाळू दिला; घाई केली की लेप तडकतो. बाजूने इंचभर व्यासाची लोखंडी नळी घातली. जस्ताचा मुलामा असलेली नळी मात्र मुद्दाम टाळली, कारण तापल्यावर जस्ताचा धूर अंगात ताप भरवतो. भंगारातला हाताने फिरवायचा पंखा आणि ऐरणीच्या जागी रुळाचा तुकडा. आवळ्याएवढा फोडलेला लाकडी कोळसा भरला. जागा उघड्यावरची, वर छप्पर. बंद खोलीत कोळशाचा वायू जीव घेतो.

हे सारे जमले, पण शिकवायला बोलावले ते आमच्या गावच्या वृद्ध लोहारदादांना. दादा लेप चाचपून म्हणाले, “गुरुजी, भट्टी कुणीबी करंल. रंग वळखाया शिका.”

त्यांनी सळई निखाऱ्यात सरकवली. आधी काळपट लाल, मग गुंजेसारखी, मग शेंदरी, पिवळी. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या की लोखंड स्वतःच जळू लागले म्हणून समजावे. “उन्हात रंग फसवितो,” दादा म्हणाले, “म्हणून लोहाराचं घर अंधारं.” मुलांनी लोहचुंबक आणला होता. सुमारे 770 अंशांवर लोखंड चुंबकाला ओळख देईनासे होते. दादांनी नुसत्या नजरेने “आता” म्हटले आणि मुलाने चुंबक लावला. तो चिकटला नाही! मुलांनी टाळ्या पिटल्या. दादा हसले नाहीत. ट्रकच्या पाट्याच्या तुकड्याचा विळा घडवून त्याची नुसती धार पाण्यात बुडवली.

त्यांचा मुलगा शहरात नोकरीला आहे. भंगारवाला ऐरण तोलून मागतो. “मोडीत घालू का, गुरुजी?” असे त्यांनी विचारले, तेव्हा माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ऐरणीची किंमत किलोवर होईल. त्या नजरेचे वजन कोणत्या काट्यावर करावे?

आम्ही इतिहास लिहितो तो तलवार चालवणाऱ्यांचा. ती घडवणाऱ्याला एक ओळही देत नाही, आणि वर त्याला अडाणी म्हणतो. सत्तावीस शतकांची विद्या ज्याच्या डोळ्यांत साठली, तो अडाणी कसा? ही विद्या पोथीत उतरत नाही. ती एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाते, आणि मध्ये एक पिढी चुकली की संपते.

खंडेनवमीला आपण हत्यारांना फुले वाहिली. आता दिवाळीत पणत्या लावाल, तेव्हा आपल्या गावात अजून भाता चालतो का, एवढी चौकशी करा. चालत असेल तर पोरांना घेऊन तासभर तिथे बसा. घरचा बोथट विळा मात्र बरोबर न्या. लोहाराला रिकाम्या हातांचे पाहुणे नकोत, काम हवे.