सुरी लहान कशी झाली

30 सप्टेंबर 1811, पॅरिस. आज तुम्ही फॅनी बर्नी आहात. इंग्रजी कादंबरीकार, उजव्या स्तनात गाठ. ऑपरेशन आजच आहे, हे तुम्हाला आज सकाळीच कळलंय. नवऱ्याला मुद्दाम बाहेर धाडलंय. काळ्या कपड्यांतले सात पुरुष तुमच्या खोलीत शिरतात. त्यांच्यात लॅरे आहेत, नेपोलियनचे सर्जन. भुलीचं औषध यायला अजून पस्तीस वर्षं आहेत. पोटात घोटभर वाइन तेवढी. तोंडावर टाकलेला रुमाल इतका तलम, की त्यातून पात्याची चकाकी दिसते. मग वीस मिनिटं तुमचीच किंकाळी तुमच्या कानांत. पण तुम्ही वाचता, आणखी 28 वर्षं जगता.

1894, बाल्टिमोर. आता भूल आहे, त्यामुळे डॉक्टर हॉल्स्टेड यांना घाई नाही. कर्करोग गाठीपासून पायरीपायरीने बाहेर पसरतो, म्हणून जितकं रुंद कापाल तितकं बरं, असा त्यांचा हिशेब. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळं एकसंध काढलं जातं. जाग येते तेव्हा बरगड्यांवर नुसती ताणलेली कातडी असते. पुढे हात सुजतो. वेणी घालायला वर जात नाही. गाठ लहान होती, हे कुणी विचारातच घेतलं नाही.

1973, मिलान. तुमची गाठ दोन सेंटिमीटरहून लहान, काखेत हाताला काही लागत नाही. उंबेर्तो व्हेरोनेसी यांच्या चाचणीत 701 जणींची वाटणी व्हायची आहे. 349 जणींवर हॉल्स्टेडचं ऑपरेशन होईल. 352 जणींचा स्तनाचा चतुर्थांश भाग आणि काखेतल्या ग्रंथी काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन देतील, आपल्याकडचे पेशंट ज्याला ‘लाइट’ म्हणतात ते. तुम्ही या दुसऱ्या गटात येता. आरशात पाहता, तर स्तन जागेवर आहे. मनात मात्र धाकधूक: थोडंच कापलं, ते पुरेल ना?

पक्कं उत्तर 2002 साली मिळतं. तुमच्या गटात 30 जणींना त्याच स्तनात रोग परतला, दुसऱ्या गटात 8 जणींना त्याच जागी. मृत्यूचं प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच. पिट्सबर्गच्या बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीचा वीस वर्षांचा निकालही त्याच वर्षी तेच सांगतो. जीव घेणाऱ्या पेशी आधीच रक्तातून दूर गेलेल्या असतील, तर छातीवरचा काप कितीही रुंद केला तरी त्या सापडणार नव्हत्या.

आता आजच्या ऑपरेशन थिएटरमध्ये या. स्तनात निळा रंग टोचतात. गाठीकडून येणारा रस काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोचतो, ती निळी दिसते. तेवढी एक-दोन काढून तपासतात. त्यांत रोग नसेल, तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. वेणी घालणारा हात शाबूत राहतो.

सुरी लहान झाली ती हात सफाईदार झाला म्हणून नव्हे, रोग नीट कळला म्हणून. पण ही वाट सर्वांत सोपी असते ती गाठ लहान असताना. आणि अशी गाठ बहुधा दुखत नाही. तेव्हा दुखायची वाट पाहू नका. हाताला लागली की दाखवा, आणि सर्जनना विचारा: स्तन राखता येईल का?