सीमेपलीकडचा आसरा : नांदेड-लातूर, १९४८

१/ १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. नांदेड व लातूर मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिले. शेजारची उमरखेड, बार्शी ही गावे जणू परराष्ट्रात गेली.

२/ रझाकारांच्या दहशतीने हजारो कुटुंबांनी हीच सीमा ओलांडून भारतीय हद्दीत आसरा घेतला.

३/ २९ नोव्हेंबर १९४७ च्या 'जैसे थे' करारानुसार दोन्ही सरकारांनी परस्परांकडे प्रतिनिधी नेमले. भारताच्या वतीने कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत आले. भारत म्हणे, रझाकारांना आवरा. हैदराबाद म्हणे, नाकेबंदी उठवा, औषधेही अडली आहेत. वाटाघाटींत निर्वासितांचे दुःख हा केवळ पुरावा ठरला.

४/ २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादने सुरक्षा परिषदेकडे दाद मागितली. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये चर्चा सुरू झाली, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरून तीन दिवस लोटले होते. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि पुढे त्याने तक्रारही मागे घेतली.

५/ निर्वासित परतू लागले. पण उस्मानाबाद (लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते), नांदेड, बीदर व गुलबर्गा जिल्ह्यांत मुस्लिम रहिवाशांवर हल्ले झाले. पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरातील मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा मांडला. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला.

६/ पहिल्या विस्थापितांची बाजू मांडायला सीमेपलीकडे दुसरे सरकार होते. दुसऱ्यांच्या वेळी सीमाच उरली नव्हती; त्यांच्यासाठी रदबदली करणार कोण?