लॉद्झ घेट्टोतील छायाचित्रे

जर्मनव्याप्त पोलंडमधील लॉद्झ शहरात नाझींनी १९४० मध्ये ज्यूंची बंदिस्त वस्ती (घेट्टो) उभारली. तेथील ज्यू प्रशासनाच्या सांख्यिकी विभागात हेन्रिक रॉस (१९१०–९१) हा ओळखपत्रांसाठी छायाचित्रे काढी. त्याच कॅमेऱ्याने, जीव धोक्यात घालून, त्याने उपासमार व हद्दपारी टिपली. तसेच विवाह, मेजवान्या आणि पोलीस होऊन खेळणारी मुलेही. १९४४ मध्ये वस्ती रिकामी केली जात असता त्याने सु. ६,००० निगेटिव्ह जमिनीत पुरल्या. १९४५ मध्ये उकरल्या, तेव्हा निम्म्याच वाचल्या होत्या. आइकमान खटल्यात (१९६१) त्याची साक्ष झाली. सुस्थितीतील मोजक्या कुटुंबांची चित्रे मात्र दीर्घकाळ अप्रसिद्ध राहिली. वस्तुतः तीच अधिक अस्वस्थ करतात; कारण उपासमारीतही प्रतिष्ठेची उतरंड शाबूत होती, हे त्यांवरून दिसते. २००७ मध्ये हा संग्रह टोराँटो येथील आँटॅरिओ कलावीथीस मिळाला.