वीस पावलं

खिडक्यांची तावदानं थडथडतात आणि तुम्हाला जाग येते. बाहेर वारा नाही. पलंगावर मालक झोपलेत आणि त्यांच्या कंपाने पलंगाचे पडदे, जमिनीच्या फळ्या, खिडकीच्या चौकटी, सगळंच हलतंय. हे लंडन आहे. १८१७ साल उजाडायचंय. तुम्ही या घरात चाकरीला आहात. मालकांच्या आजाराला अजून धड नाव नाही, औषध तर नाहीच. आहेत ते तुमचे दोन हात.

पहाटेचं पहिलं काम कूस वळवण्याचं. पिसांच्या गादीत अंग रुतलंय, मालकांना स्वतःहून वळता येत नाही. नुसता खांदा ओढलात तर शरीर ओंडक्यासारखं येतं. म्हणून आधी गुडघे दुमडायचे, ते एका बाजूला कलते करायचे, की कंबर आणि खांदे मागोमाग येतात. हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मग तुमानीची गुडघ्याजवळची बटणं, बुटांची बक्कलं, गळ्याभोवतीचा रुमाल. हनुवटी छातीला टेकलेली असते. ती दोन बोटांनी जरा वर करूनच गाठ मारावी लागते. वस्तरा त्यांनी केव्हाच तुमच्या हाती सोपवलाय.

न्याहारीला काटा बशीपर्यंत जातो, पण तुकडा काही वर येत नाही. पुन्हा जातो, पुन्हा रिकामा. तुम्ही हात पुढे करत नाही. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं की मगच. ओघळलेली लाळ मात्र न विचारता टिपायची. चेहरा हलत नाही म्हणून पाहुण्यांना वाटतं, यांना काही कळत नसावं, आणि ते त्यांच्यादेखत तुम्हालाच विचारतात, "बरे आहेत का?" त्यांना सगळं कळतंय. हातात वर्तमानपत्र थरथरतं म्हणून तुम्ही ते समोर धरता आणि पान उलटायला उशीर झाला की मालक चिडतात.

ऊन आलं की फिरायला. दाराबाहेर पाऊल टाकायचं तर पाय जमिनीला चिकटलेले. तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून उभे राहता, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवता आणि हलकेच झुलवता: पुढे, मागे, पुढे, मागे. तोल सापडला की तो तुमच्या तळव्यांना कळतो. "चला!" आणि ते सुटतात, चवड्यांवर, पुढे झुकून, धावत. तुम्ही झटकन बाजूला सरून त्यांच्या पुढे पळता, वळता, हात पसरता. वीसेक पावलांवर ते तुमच्या अंगावर येतात आणि तुम्ही त्यांना सावरता. दोघंही दम खाता. पुन्हा हात खांद्यांवर.

पलीकडे साठीच्या घरातले एक डॉक्टर थबकून बघतायत. होक्स्टन स्क्वेअरच्या एक नंबरच्या घरातले जेम्स पार्किन्सन. ते जवळ येत नाहीत. १८१७ मध्ये या आजारावरचा त्यांचा ६६ पानांचा निबंध छापला जाईल. त्यात सहा रुग्ण असतील. दोघं रस्त्यात सहज भेटलेले, आणि पाचवे हे तुमचे मालक, नुसते लांबून पाहिलेले. झुलवणं, इशारा, वीस पावलं, सगळं त्यात येईल. पार्किन्सन यांची नजर विलक्षणच. दुसऱ्या एका रुग्णाला टाचणी ओलांडणंही अवघड वाटून धास्ती भरते, हेसुद्धा त्यांनी टिपलं. उपाय मात्र सुचवला तो मानेजवळून रक्त काढण्याचा. त्या निबंधात खरोखर कामाला येणारा उपचार मला एकच दिसतो आणि तो तुमच्या तळहातांत आहे. आजाराला पार्किन्सन यांचं नाव पुढे पॅरिसच्या डॉक्टर शार्कोंनी दिलं. तुमचं नाव कुणी विचारलं नाही.

व्हिएन्ना, १९६१. इथे फार थांबायचं नाही. या रुग्णांच्या मेंदूत डोपामिन हे रसायन फार कमी झालेलं असतं हे आदल्याच वर्षी दिसून आलंय. संशोधक बिर्कमायर आणि होर्निकिविच शिरेतून लेव्होडोपा हे औषध देतात आणि ज्यांना उठून बसताही येत नव्हतं ती माणसं उठतात, चालतात. मग हळूहळू असर ओसरतो.

ते ओसरणं तुमच्या आजच्या घरात रोज घडतं. पुणे, सिंहगड रोडचा फ्लॅट. बाबांची आठची गोळी, तीच लेव्होडोपा. आई त्या वेळेला अंडं किंवा पनीर देत नाही, कारण प्रथिनांचे घटक आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेने रक्तात जातात आणि त्या गर्दीत गोळी मागे राहते. अकराच्या सुमारास बाबा बाथरूमच्या दारात थिजतात. "चला ना बाबा, दोनच तर पावलं," म्हणत हात ओढलात की धड पुढे येतं आणि पाय तिथेच राहतात. ओढू नका. समोर या, खांद्यांवर हात ठेवा. या वेळी डावी-उजवीकडे झुलवा, म्हणजे एका पायावरचा भार सुटतो. मग "एक-दोन, एक-दोन" म्हणा, किंवा फरशीवर चिकटवलेल्या रंगीत पट्टीवर पाय टाकायला सांगा. चालणं आपोआप घडवणारी मेंदूतली यंत्रणा अडली, तरी ठेका आणि रेघ दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोहोचू शकतात. पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात तुमच्यासारख्या काळजी घेणाऱ्यांची, म्हणजे शुभंकरांची, गाठ पडते; एकदा जाऊन या.

पुढच्या आठवड्यात न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट आहे. बाबा खुर्चीत बसलेले असतील, गोळी लागलेली, हात शांत. डॉक्टरांना दिसतील ती त्यांच्या खोलीतली वीस पावलं. "ठीक आहे" म्हणून उठू नका, वही काढा: आठची गोळी पाऊण तासाने लागते, साडेदहाला पाय जड, अकराला दारात थिजले, रात्री कूस वळत नाही, झोपेत ओरडले, शर्टाच्या बटणांना वीस मिनिटं. आणि बाबांना मध्येच तोडू नका. आवाज बारीक येतो, वाक्य जुळायला वेळ लागतो, पण कुठली गोळी कमी पडते हे त्यांना वहीपेक्षा नेमकं ठाऊक असतं.