धोट्याला तोंड लावणारे

कामगाराचे मन कामात का लागत नाही, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांनी शोधून काढला असा एक समज आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास चाळणाऱ्याला तो फार काळ बाळगता येत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी याच प्रश्नावर सरकारी आयोग बसला होता, साक्षी झाल्या होत्या, अहवाल छापला गेला होता आणि त्या अहवालाला एका सदस्याने भिन्नमतपत्रिकाही जोडली होती. साहित्याच्या अभ्यासकांनी या कागदांकडे वळण्याचे एरवी काही कारण नाही. परंतु गिरणगावाने मराठी कवितेला, कथेला आणि नाटकाला जे दिले त्याचा विचार करताना गिरणीच्या आतल्या खात्यांत नेमके काय चालत होते हे ठाऊक नसेल, तर आपले वाचन फाटकाशीच थांबते, असे आम्हांस वाटते.

1905 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर कामाचा दिवस सूर्याच्या हाती होता. उजाडल्यावर यंत्र सुरू, मावळल्यावर बंद. उन्हाळ्यात तो लांबे, हिवाळ्यात आखडे. दिव्यांनी हे बंधन सोडवले आणि सुताला मागणी असलेल्या त्या तेजीच्या काळात कित्येक गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. ओरड झाली, आधी एक समिती आणि मग 1907 साली कारखाना-मजूर आयोग नेमला गेला. गिरणीमालकांची तक्रार ठरलेली होती: हिंदी कामगार सलग काम करीतच नाही, यंत्र सोडून विडी ओढायला जातो, अंगणात रेंगाळतो, वारंवार खाडे करतो. आयोगाच्या बहुमताने ही तक्रार बरीचशी मान्य केली. सैलसर रीतीने दीर्घकाळ काम करणे हा इथल्या मजुराचा स्वभावच आहे, तेव्हा प्रौढ पुरुषांचे तास कायद्याने थेट बांधू नयेत, असा त्यांचा कल होता.

मद्रासचे डॉ. टी. एम. नायर या आयोगाचे सदस्य होते. ते पेशाने वैद्य. पुढे जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ते ओळखले गेले. त्यांनी बहुमताशी असहमती नोंदवली. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा सांगता येईल, की रेंगाळणे हे लांबलेल्या दिवसाचे कारण नसून त्याचा परिणाम आहे. ज्या शरीराला चौदा तास यंत्रापाशी उभे राहायचे आहे ते मधूनमधून चोरून विसावा घेणारच. दिवस आवरा, रेंगाळणेही आवरेल. स्वभाव म्हणून जे सांगितले जात होते ते परिस्थितीत नेऊन ठेवण्याचे हे काम एका वैद्याने केले, ही गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. 1922 मध्ये ती अकरा तासांवर आणि आठवड्याला साठ तासांवर आली, 1934 मध्ये दहा तासांवर.

विश्रांतीची मागणी अर्थात यापेक्षा जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार गिरणकामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. साप्ताहिक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची मधली सुटी, वेळेवर पगार, अपघातात अपंग झालेल्यास भरपाई या त्यातल्या मागण्या. 1890 च्या एप्रिलात झालेल्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले होते आणि त्यात स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. ‘दीनबंधु’चे संपादन करणारे हे सत्यशोधक गृहस्थ 1897 मध्ये प्लेगच्या साथीत गेले. लोखंडे स्वतः काही काळ एका गिरणीत भांडारपाल होते. मागण्यांच्या यादीतला बारकावा पाहिला की आतून पाहिलेल्या माणसाची नजर कळते.

आता मुख्य विषयाकडे येऊ. तो आहे धोटा. मामा वरेरकरांनी आपल्या गिरणीविषयक कादंबरीला ‘धावता धोटा’ असे नाव दिले, त्यामुळे हा शब्द मराठी वाचकाच्या कानांवरून गेलेला असतो. धोटा धावतो तरी कसा, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. मागावर ताण्याचे उभे धागे ताणलेले असतात आणि त्यांच्यामधून बाण्याचा आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे फेकला जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. ती दर काही मिनिटांनी संपते. मग विणकराने माग थांबवायचा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवायची आणि नव्या सुताचे टोक धोट्याच्या कडेच्या बारीक छिद्रातून बाहेर काढायचे. हे टोक ओढून काढण्याची सर्वांत जलद रीत म्हणजे छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढणे. धाग्याबरोबर तोंडात कापसाची कूस येते, खळीची पूड येते, तेल येते. आणि त्याच धोट्याला याआधी ओठ लावलेल्या माणसाची लाळही येते.

विणकराला मजुरी मिळे ती उतरलेल्या कापडाच्या मापाने. माग थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्याच खिशातून जाई. हाताने धागा ओवता येईल असे धोटे निघाले होते, पण ते सरसकट घेण्याची घाई कोणत्याच मालकाला नव्हती, आणि तोंडाने ओढणे विणकराच्या अंगवळणी पडलेले होते. ही रीत मुंबईची नव्हेच, ती लँकेशायरहून यंत्रांबरोबर आली. तिकडे तिच्यावर वाद झाला तो आरोग्याचा: दात किडतात, एकाचा क्षय दुसऱ्याला लागतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 मध्ये ती कायद्याने बंद केली. खुद्द इंग्लंडमध्ये बंदी यायला 1952 साल उजाडावे लागले.

मुंबईत मात्र याच छिद्रावर जातिव्यवस्था येऊन बसली. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, म्हणजे उष्ट्याचा आणि विटाळाचा प्रश्न आला. मराठा आणि मुसलमान विणकर अस्पृश्यांना साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, घेऊ देत नसत. अस्पृश्य कामगार होते ते कताईच्या खात्यांत, झाडलोटीत, कांड्या भरण्यात. विणकराची कमाई कताईतल्या कामगारापेक्षा बरीच जास्त असे, विणकर हा कसबी म्हणून गणला जाई आणि एका गिरणीतून सुटला तर दुसरीत त्याला लवकर जागा मिळे. थोडक्यात, गिरणीतली उत्तम मजुरी आणि उत्तम बाजारमोल ज्या खात्यात होते, त्याचे दार एका लाकडी धोट्याने बंद केले होते. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अर्थेतिहासकाराने 1965 च्या आपल्या ग्रंथात मुंबईच्या गिरण्यांत जातीचा अडसर फारसा नव्हता असे प्रतिपादन केले. अपवाद त्यांनाही विणखात्याचाच करावा लागला. अपवाद असा नेमका सर्वांत किफायतशीर जागी असेल, तर त्याला अपवाद म्हणावे का, हा आमचा प्रश्न आहे.

1928 चा सार्वत्रिक संप या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. निमित्त होते कार्यक्षमतेच्या नव्या योजनांचे: विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, कताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात. याच लढ्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. संपाच्या मागण्या तयार होत असताना डॉ. आंबेडकरांनी विणखात्यातील बंदी उठवण्याची मागणी पुढे केली. ती यादीत घातली नाही तर आपण अस्पृश्य कामगारांना संपात न उतरण्यास सांगू, अशी भूमिका त्यांना घ्यावी लागली. नाखुशीने ती मागणी यादीत आली. मालकांपुढे ती ठेवली गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही, असे उत्तर त्यांनी दिले. आणि ते बरोबरच होते, असे आंबेडकरांनी पुढे नमूद केले आहे.

मालकांच्या उत्तराला एक दुसरी बाजू आहे, ती नजरेआड करता येत नाही. मनाई त्यांनी केली नव्हती, हे खरे. धोटे मात्र त्यांचेच होते. हाताने ओवायचा धोटा खरेदी करणे ही मालकाच्या अखत्यारीतली, खर्चाच्या वहीत मावणारी बाब होती. कामाच्या जागेची रचना आणि समाजाची रचना या दोन गोष्टी आपण वेगळ्या पुस्तकांत वाचतो. साचेखात्यात त्या एकाच छिद्रातून जात होत्या.

गिरणीत शिरण्याची वाट जॉबरच्या हातातून जाई. हा मुकादम भरती करी, काम वाटी, यंत्राची किरकोळ दुरुस्ती करी, रजा देई आणि दस्तुरी घेई. पुष्कळदा खोली, उधारी आणि खानावळ हीसुद्धा त्याच्याच ओळखीने मिळत. 1929 ते 1931 या काळात काम केलेल्या व्हिटली आयोगाने या पद्धतीवर कोरडे ओढले आणि भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावेत असे सुचवले. राजनारायण चंदावरकर यांनी 1994 च्या आपल्या ग्रंथात या चित्राला मोलाची दुरुस्ती केली आहे. जॉबर हा सर्वसत्ताधीश नव्हता. वस्तीत त्याची पत राहिली तरच खात्यात त्याचे चाले, आणि माणसे बिथरली तर त्याचीच नोकरी जाई. आम्हांस हे अधिक पटते. लालबाग-परळच्या चाळीत, गावकीच्या खोलीत, एकाच वळकटीवर पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्यांच्या जगात कोणाचीही सत्ता निखळ राहणे कठीणच होते.

स्त्रियांची हकिगत वेगळ्या लेखाचा विषय आहे. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरणकामगारांत सुमारे एक-पंचमांश स्त्रिया होत्या, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, नायकिणीच्या हाताखाली. पाळणाघरे नव्हती, कामावर जाताना तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन निजवण्याची चाल होती. 1929 मध्ये मुंबई कायदेमंडळाने प्रसूतिभत्त्याचा कायदा केला आणि आंबेडकरांनी त्या विधेयकाची बाजू मांडली होती. नंतर रात्रपाळीची बंदी, यंत्रांतील बदल आणि हे भत्ते टाळण्याची मालकांची वृत्ती, या सर्वांतून स्त्रिया गिरणीबाहेर पडत गेल्या. संरक्षण देणारा कायदा आणि नोकरी हिरावणारा हिशेब हातात हात घालून चालले. गिरणीबाहेरच्या स्त्रियांनी खानावळी चालवल्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांनाच संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

मराठी साहित्याने यातले काय घेतले? नारायण सुर्व्यांच्या कवितेत भोंगा आहे, चाळ आहे, मोर्चा आहे, कामगाराची ताठ मान आहे. अण्णा भाऊ साठ्यांच्या लावण्यांत मुंबईची विषमता आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या 1997 च्या नाटकात संपानंतरचे घर आहे. खात्याच्या आतला, धोटा हातात घेतलेला, कांडी बदलणारा माणूस मात्र आमच्या वाचनात फार थोडा आला. फाटकावर आणि चाळीत भाषणे होतात, भांडणे होतात, तिथे नाट्य असते. साच्यांच्या गडगडाटात माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. तिथले लोक ओठांच्या हालचालींवरून आणि खुणांनी बोलत. संवादावर पोसलेल्या वाङ्मयाला हे खाते अवघड गेले असेल, असा आमचा एक तर्क आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात हे आवाज पुष्कळसे सापडतात. कादंबरी शिकवताना तो ग्रंथ शेजारी ठेवावा, असे शिक्षकमित्रांना आवर्जून सुचवावेसे वाटते.

18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढीची चर्चा सर्वत्र झाली. बदली कामगारांना कायम करा, ही मागणी त्या मानाने विसरली गेली. बदली म्हणजे ज्याला रोज पाळीच्या वेळी फाटकाशी हजर राहावे लागे आणि कोणाचा खाडा पडला तरच आत घेतले जाई असा कामगार. अशी वर्षानुवर्षे काढलेली माणसे त्या संपात हजारोंनी होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही, आणि लाखभराहून अधिक लोक पुन्हा आत गेले नाहीत.

त्यांच्या हातात कसब होते. साचा चालवता येत होता, तुटलेला धागा नजरेने हेरता येत होता. या कसबाला गिरणीबाहेर एकच मोठी बाजारपेठ होती, ती भिवंडीच्या यंत्रमागांची. पुष्कळजण तिकडे गेले. तिथे नोकरी कायम नव्हती, भविष्यनिर्वाह निधी नव्हता, मजुरी मापावर होती आणि पाळी बारा तासांची होती. 1911 च्या कायद्याने गिरणीतल्या प्रौढ पुरुषाला घातलेली मर्यादाही बारा तासांचीच होती.