नाडीची रेघ आणि रोहिणीचे वय

बाभुळगावच्या बाजाराच्या दिवशी एक तपासणी शिबिर लागले होते. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधायचे, पाच मिनिटे निजून राहायचे, की यंत्रातून एक रंगीत कागद बाहेर येई. त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असे : 'तुमच्या धमन्यांचे वय'. आमच्या परिचयाचे एक कास्तकार तो कागद घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, मी चव्वेचाळीसचा, अन् माह्या नसा बासष्टच्या म्हंतेत. हे कसं काय?"

आम्ही कागद पाहिला. तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, आणखी दोन आकडे होते : १६८/१०४. त्यांविषयी त्यांना कोणी काहीच सांगितले नव्हते.

मोठ्या अक्षरांतले वय आणि बारीक अक्षरांतला रक्तदाब, या दोहोंची वंशावळ एकच आहे. तिची सुरुवात थॉमस यंग यांच्यापासून करता येईल. होय, अकरावीच्या भौतिकशास्त्रात ज्यांच्या नावाचा स्थितिस्थापकता गुणांक आपण शिकवतो तेच यंग. ते पेशाने डॉक्टर होते, हे आपण वर्गात सहसा सांगत नाही. १८०८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत हृदय आणि रोहिण्या यांवर व्याख्यान देताना त्यांनी नाडीच्या लहरीचा वेग रोहिणीच्या लवचिकपणावरून काढता येतो, हे दाखवले. (पाठ्यपुस्तकातला 'रोहिणी' हा शब्द आणि त्या कागदावरची 'धमनी' एकच.) मनगटावर बोटाला लागतो तो ठोका म्हणजे हृदयातून नुकतेच निघालेले रक्त नव्हे, ती नळीच्या भिंतीतून धावणारी दाबाची लहर असते. रक्त मागाहून, सावकाश येते. १८७८ साली हॉलंडमध्ये मोएन्स आणि कोर्टवेग यांनी याचे सूत्र मांडले : भिंत जितकी ताठ, तितकी लहर वेगवान. मात्र वेग दुप्पट व्हायला ताठपणा चौपट व्हावा लागतो. मानेवर ठोका पडल्यानंतर घोट्यावर तो सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास उशिरा पोचतो. बोटांना हे अंतर नीट कळत नाही, म्हणून यंत्र लागते. बाजारातल्या यंत्राने एवढेच अंतर मोजले होते.

परंतु मोजमापाचा उपयोग निरोगी दिसणाऱ्या माणसासाठी करावा, ही कल्पना भौतिकशास्त्रातून आली नाही. ती फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुणाची. त्यांचे आजोबा शेख दीन मुहम्मद मूळचे पाटण्याचे. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. पुढे इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे त्यांनी बाष्पस्नानगृह चालवले. नातू लंडनच्या गाइज रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेत होता. फ्रान्समध्ये मारे यांनी १८६० साली नाडीलेखक तयार केला होता. मनगटावर टेकवलेली तरफ ठोक्यागणिक हलते आणि काजळी धरलेल्या पट्टीवर रेघ ओढते, अशी ती रचना. महोमेद यांनी १८७२ साली, विद्यार्थिदशेतच, तरफेचा दाब मोजता येईल अशी सुधारणा तिच्यात केली.

त्या काळी मूत्रपिंडाचा विकार ओळखायचा तो लघवी तापवून. ती गढूळ झाली की प्रथिन जात आहे असे समजायचे. महोमेद यांना दिसले की स्कार्लेट ज्वरातून उठलेल्या काही रुग्णांच्या नाडीची रेघ लघवीत प्रथिन येण्याआधीच बदलते. पुढे त्यांनी आणखी मोठी गोष्ट नोंदवली : मूत्रपिंड निरोगी असलेल्या, एरवी धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही अशी ताणलेली नाडी सापडते. म्हणजे वाढलेला रक्तदाब हा दुसऱ्या रोगाचा परिणाम नसून स्वतःच रोगाचे मूळ असू शकतो. गावोगावच्या साध्या डॉक्टरांकडून नोंदी मागवून रोगांचा अभ्यास करण्याच्या ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या योजनेतही त्यांनी पुढाकार घेतला होता. १८८४ साली विषमज्वराने ते गेले, तेव्हा वय होते अवघे ३५. आमच्या मते लवकर निदानाच्या इतिहासात त्यांना मिळाले त्याहून बरेच मोठे स्थान मिळायला हवे होते.

नाडीची रेघ मागे पडली, कारण ती वाचायला तज्ज्ञ लागे. १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा हवेचा पट्टा काढला. त्यासाठी त्यांनी सायकलची ट्यूब वापरली होती. १९०५ साली रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली आणि वरचा व खालचा असे दोन आकडे मिळू लागले.

आकडा मिळाला, पण औषध नव्हते. हे कोडे सोडवण्यात मुंबईचा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उपयोग ५० रुग्णांवर करून त्याचे निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर पाश्चात्त्य डॉक्टरांचे या वनस्पतीकडे लक्ष गेले. आज तिचे औषध मागे पडले आहे, पण रक्तदाब उतरवता येतो हा विश्वास त्यातून वाढला.

दरम्यान रोहिणीची भिंत थेट पाहण्याचे प्रयत्नही चालू राहिले. १९८६ साली इटलीतच पिन्योली आणि सहकाऱ्यांनी ध्वन्यातीत लहरींनी भिंतीच्या आतील थरांची जाडी मोजून दाखवली. तंत्र सुंदर होते. तरीही २०१३ साली अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी धोका अजमावण्यासाठी ही तपासणी सरसकट करू नये, असे सांगितले; वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मधुमेह आणि तंबाखू यांवरून जे कळते त्यात तिने फारशी भर पडत नव्हती.

आता त्या बासष्ट वर्षांकडे वळू. रक्तदाब चढलेला असला की रोहिणी ताणली जाते, ताणलेली भिंत ताठ होते आणि लहर तेवढ्यापुरती वेगाने धावते. तेव्हा मोठ्या अक्षरांतल्या आकड्याचा बराचसा भाग बारीक अक्षरांतूनच आलेला असू शकतो. रक्तदाब उतरल्यावर तेच यंत्र वेगळे वय छापील.

आम्ही कास्तकारांना हे सूत्र सांगत बसलो नाही. वयाचा आकडा पेन्सिलीने खोडला, खालच्या आकड्यांभोवती वर्तुळ काढले आणि कागद घेऊन सरकारी दवाखान्यात जायला सांगितले. एका मोजणीवर निदान करायचे नसते. दुसऱ्या दिवशी, शांत बसवून, पुन्हा मोजावे लागते. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, तसेच भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग येथे, २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब उपक्रमात नेमके हेच हाती घेतले गेले : साधा पट्टा, ठरलेल्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची पुढल्या भेटीची नोंद.

त्यांचा दुसऱ्या मोजणीचा आकडा १६२/१०० आला. गोळी सुरू झाली. महिन्याभराने भेटले तेव्हा त्यांनी खिशातून कार्ड काढून दाखवले आणि विचारले, "सर, आता नसा किती वर्साच्या झाल्या असतीन?" आम्ही म्हणालो, ते राहू द्या, वहिनींचा रक्तदाब मोजला का?