अहमदपूर येथील घरवाढीचे परवाने

अहमदपूर तालुका हैदराबाद संस्थानांत बीदर जिल्ह्याकडे होता. १९५६ सालीं तो मुंबई राज्यांत आला व १९८२ पासून लातूरकडे आहे. घर किती व कोठवर वाढवावें हा वाद मात्र अमदान्यांहून जुना. कौटिल्यानें दोन घरांमधील अंतर ठरवून दिलें आहे. पण शेजाऱ्यांनीं एकविचारानें हवें तसें बांधण्यास त्याची हरकत नाहीं.

१९६६ च्या नगररचना कायद्यास शेजाऱ्यांची संमति पुरत नाहीं. बाह्य स्वरूप न पालटतां केलेली आंतील दुरुस्ती तेवढी मोकळी. ओसरी पुढें सरली कीं अर्ज व नकाशा आलाच. दिलेली परवानगी एक वर्षाची. बांधकामाची मर्यादा २०२० च्या एकत्रित नियमावलींत भूखंड व रस्त्याची रुंदी पाहून ठरते.

संग्राहकांचें लक्ष आम्हीं त्या नकाशाकडे वेधूं इच्छितों. माळवदाचें घर पाडतांना रुमालांची चौकशी सर्वच करितात. नकाशाची कोणी करीत नाहीं. त्यांत पाडावयाचा भाग पिवळ्या रेघांनीं व नवा तांबड्या रंगानें दाखवितात. म्हणजे नाहींसा झालेला सोपा, त्याच्या भिंतींची जाडी, सारें त्या पिवळ्या रेघांतच उरतें! आमचे मतें मोडी कागदांबरोबर मालकाजवळील ही प्रतहि मागून घेऊन तिची नक्कल करावी.